दोन ठोके बंद, तीन ठोके सुरू

दादा गेला त्या रविवारी सकाळी मी माझ्या मागच्या खोलीत चहा घेत बसले होते. जिन्याच्या लोखंडी कठड्यावर दोन ठोके पडले. म्हणजे दादा गच्चीवरच्या माशांच्या टाकीचा पंप बंद करणार, फिल्टर धुणार, दहाएक मिनिटांनी पंप परत सुरू करणार आणि मग तीन ठोके देणार. दर रविवारचं हे ठरलेलं. दोन ठोके पडले, डोक्यावरची पाण्याची खळखळ थांबली... आणि तीन ठोके आलेच नाहीत. नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या घरात तेव्हा आम्ही दोघं भावंडंच होतो. वहिनी हुडकेश्वरला त्यांच्या बहिणीकडे गेल्या होत्या. दादाला जाऊन आता सात आठवडे झाले.

मी जन्माची भित्री. उंचीची भीती, विजेची भीती, पाण्याची भीती, आणि फोन अवेळी वाजला तर फोनचीसुद्धा. इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण प्रयोगाच्या वेळी स्पिरिटचा दिवा कायम आमचा शिपाईच पेटवायचा. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, कारखान्यात फिटर, आणि नेमका माझ्या उलट. कुठल्याही बंद यंत्रात हात घालायचा आणि ते सुरू करूनच हात बाहेर काढायचा. मी लग्न केलं नाही. निवृत्त झाले तेव्हा दादाने घराची मागची खोली रंगवून घेतली आणि मला न विचारताच माझं सामान टेम्पोत भरलं. त्या खोलीच्या बरोबर वर, गच्चीवर, वर्षभरानंतर त्याने ही टाकी बसवली.

काटोलकडची आमची शेती चुलतभावाकडे गेल्यापासून दादाचे हात रिकामे होते. कुठेतरी मोबाइलवर त्याने पाहिलं की मातीशिवाय, माशांच्या पाण्यावर भाजी होते, आणि झालं, आठ दिवसांत गच्चीवर निळे ड्रम आडवे कापून पडले. "सोपं हाय वं सुमे," तो मला समजावत होता. "मासे खातीन अन् हगतीन. ते पाणी पंपानं वरच्या गिट्टीत जाईन. गिट्टीतली पालक ते खाईन, अन् पाणी साफ होऊन वापस माशायले." मला मात्र हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, एवढंच ऐकू येत होतं. एक टन, माझ्या पलंगाच्या वर! मी पलंग ओढत ओढत भिंतीला नेऊन लावला. दादाने ते पाहिलं तेव्हा हसला नाही. स्टुलावर चढून त्याने माझ्या छतावर खडूने एक जाड रेघ मारली. "हे पाय, इथून बीम गेला हाय. टाकी बीमवर हाय. घर मी बांधलं, त्यातलं लोखंड मले माहीत नाही का?" ती रेघ अजून तशीच आहे.

सुरुवातीला मात्र त्याची चूक झाली. दुसऱ्याच दिवशी त्याने नळाचं पाणी टाकीत सोडलं आणि रोहूची बोटाएवढी चाळीस पिल्लं आणून टाकली. चार दिवसांत चौदा मासे पोट वर करून तरंगले. दादा खाली येऊन माझ्या दारात बसला. त्याचा चेहरा तसा मी आधी कधी पाहिला नव्हता. "मले वाटलं, पाणी म्हंजे पाणी," तो म्हणाला. तेव्हा मी हळूच सांगितलं की नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडायला ते दोन दिवस ड्रममध्ये ठेवावं लागतं. माशांच्या घाणीचं खत करणारे बारीक जंतू असतात, ते गिट्टीत रुजायला महिनाभर तरी जातो. हे तर मी दरवर्षी फळ्यावर काढून शिकवत होते. दादा माझ्याकडे पाहतच राहिला. "मग बोलली काहून नाही?" "मला वाटलं तू चिडशील..." यावर तो मोठ्याने हसला. "घ्या! बाईच्या भेवापायी माझे चौदा मासे गेले!" पुढे पाहुण्यारावळ्यांना तो हा किस्सा रंगवून सांगायचा आणि मीही हसायचे. आता तो किस्सा कोणी काढला की मी उठून आत जाते.

महिन्याभरात पाणी जमलं. मग पालक आली, मेथी आली, सांभार, म्हणजे कोथिंबीर, तर इतका आला की वहिनी शेजारपाजारी वाटून थकल्या. मासे खायचे नाहीत असा वहिनींचा हुकूम होता. दादा म्हणायचा, "ते आपले नोकर हायत, नोकराले कोणी खाते का?" सकाळी दोरीला बांधलेली टोपली माझ्या खिडकीशी उतरायची, तिच्यात कधी चार टोमॅटो, कधी नुसतीच मूठभर मेथी. मे महिन्यात मात्र माझा जीव टांगणीला लागायचा. नागपूरचं ऊन, टाकीवर हिरवी जाळी, ओली पोती, बाटल्यांत गोठवलेला बर्फ... आणि तरी पाणी तापायचं. गरम पाण्यात हवा कमी राहते, पंप थांबला तर मासे गुदमरतात, हे मला पाठ होतं. त्यामुळे वरची खळखळ जराही थांबली की मी अंगणात येऊन ओरडायचे, "दादा! काय झालं?" वरून त्याचा आवाज यायचा, "काही नाही वं, फिल्टर धुऊन राहिलो!" तो मला भरपूर चिडवायचा, पण आवाज देऊन पंप बंद करायचं काही मनावर घ्यायचा नाही. मग एका रविवारी तो आपणहून खाली आला, हातात पाना. म्हणाला, "आजपासून दोन ठोके म्हंजे बंद, तीन ठोके म्हंजे सुरू. कान ठेवजो बरं." मला वाटलं, चला, शेवटी दादाला माझी दया आली.

तर त्या रविवारी. दोन ठोके पडले. मी चहा संपवला, कप विसळला, भाजी चिरायला घेतली. लाइट गेली असेल, म्हणून पंप सुरू होत नसेल, दादा रोपांत रमला असेल... असं मला वाटलं, हे मी भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. वीस-पंचवीस मिनिटांनी मी अंगणातून हाक मारली. उत्तर नाही. आमचा जिना गोल, लोखंडी, पायऱ्यांच्या फटींतून खालची जमीन दिसते. मी त्यावर कधी चढले नव्हते. त्या दिवशी दोन्ही हातांनी कठडा धरून, जवळजवळ बसत बसत चढले. दादा टाकीला टेकून बसल्यासारखा पडला होता, फिल्टरचा धुतलेला फोम हातात तसाच. मी किंचाळले, शेजारचे धावत आले, त्यांनी त्याला खाली नेलं. मी एकटी वर उरले. टाकीतले सगळे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडत मिटत होते. मी बटण दाबलं. पाणी वाजायला लागलं. दादाला खाली नेत होते आणि मी मासे पाहत उभी होते, याची मला अजून लाज वाटते.

डॉक्टर म्हणाले की फार लवकर झालं सगळं, कोणी काही करू शकलं नसतं. ते असं सगळ्यांनाच म्हणत असतील का?

तेव्हापासून मी रोज जिना चढते. भीती गेली असं नाही. पायऱ्या मोजत, खाली न बघता चढते. वहिनींचे गुडघे चढू देत नाहीत. तेराव्याला घरभर गोमूत्र शिंपडत आमचे एक काका गच्चीवर पोचले आणि उरलेला तांब्या टाकीत ओतायला निघाले, तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा वडीलधाऱ्या माणसावर ओरडले. त्यातल्या अमोनियाने मासे मरतील, असं सांगितलं. रविवारी मी फिल्टर धुते, टाकीच्याच पाण्यात, नळाच्या नाही. पहिल्या रविवारी वहिनी म्हणाल्या, "सुमाताई, ठोके देत जा वं. आवाज थांबला की मले भेव वाटते." म्हणून मी दोन ठोके देते, आणि पंप सुरू केला की तीन. खालून वहिनींचा आवाज येतो, "ऐकलं वं!" मग मी उतरते.

पंधरा दिवसांपूर्वी आम्ही दोघी पालक निवडत बसलो होतो. वहिनी सहज बोलून गेल्या. दादाने ठोक्यांची पद्धत सुरू केली त्याच्या दोनच दिवस आधी त्याला दवाखान्यात नेलं होतं, हृदयाचं दुखणं निघालं होतं. मला सांगायचं नाही अशी त्याने त्यांना शपथ घातली होती, मी भिऊन अर्धी होईन म्हणून. "मी म्हटलं, वर एकटे जाऊ नका. तर म्हणे, एकटा कुठं हाय मी? सुमी खाली कान लावून राहते. तीन ठोके नाही आले तर ती येईनच." वहिनी पालकाची देठं खुडत होत्या. थोड्या वेळाने माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "लाइट गेली नसती तं तुमी गेल्याच असत्या. मले काय माहीत नाही?"

लाइट गेली नव्हती. माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता. मी चहा पीत होते आणि पंखा फिरत होता, आणि मला कळत होतं की लाइट आहे, आणि वेळ जास्त झाला आहे, आणि काहीतरी झालं असेल तर मला तो जिना चढावा लागेल. म्हणून मी कप विसळला. म्हणून मी भाजी चिरायला घेतली. ज्या कानांच्या भरवशावर दादा वर जात होता, त्या कानांना सगळं ऐकू आलं होतं.

हे वहिनींना तोंडाने सांगायला मी तीनदा समोरच्या खोलीत गेले आणि तीनदा साखर मागून परत आले. म्हणून लिहिते आहे. वर्तमानपत्राची ही पुरवणी रविवारी येते, आणि वहिनी ती चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचतात. मी त्या वेळी वर असेन. दोन ठोके देईन, पंप बंद करीन, फोम धुऊन बसवीन, बटण दाबीन. पाणी वाजायला लागलं की दादाच्या पान्याने कठड्यावर तीन ठोके देईन. मग तिथेच, कठडा धरून उभी राहीन... खालून "ऐकलं वं" येतं का, ते ऐकत.