नेव्ह बरा झाला

नेव्ह टॅरंटला हृदयाचं यंत्र बसवावं म्हणून सगळ्यात जास्त कोण झटलं असेल, तर त्याची बायको ग्लेनिस. आपल्या पायावर मारायचा धोंडा बाईनं स्वतः उचलून आणला. नेव्ह आधी तयार नव्हता. तारा घालून घ्यायला मी काय कुंपण आहे का, म्हणायचा. ती हॉस्पिटलात त्याच्या खाटेशी दोन दिवस मनधरणी करत बसली.

खरं तर आधीची तीन वर्षं तिच्या आयुष्यातली बरी वर्षं होती, पण हे तिला स्वतःशीही कबूल करवत नव्हतं. नेव्हचं हृदय फुगून सैल पडलं होतं. दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेळी आकसायच्या, रक्त पुढे जायचंच नाही. पाय सुजलेले, चार पावलांत धाप. तो व्हरांड्यात उशांना टेकून बसायचा आणि मोनारो पठाराच्या उघड्या माळावरची नऊशे मेंढरं ग्लेनिस बघायची. लग्नाच्या एक्केचाळीस वर्षांत तिला मेंढरांतलं काही कळतं असं कुणी म्हटलं नव्हतं. नेव्ह तिला चारचौघांत 'आमची बिनडोक' म्हणायचा आणि चारचौघं हसायचे.

त्याच काळात तिनं मॉसला तयार केलं. मेंढरं राखणाऱ्या केल्पी जातीच्या कुत्र्याचं काळं पिल्लू, एक कान पडलेला. नेव्हच्या हाताखाली कुत्री ओरडा आणि लाथा खाऊन शिकायची. ग्लेनिसला ओरडता येत नव्हतं. ती हळू बोलायची, म्हणून मॉसही कान देऊन ऐकायला शिकला. दुसऱ्या वर्षी तिनं फाटकात उभं राहून दोन शब्द बोलावेत आणि टेकडीपलीकडचा कळप खाली यावा, असं झालं. शेजारचा बार्नी कॉयल ते बघायला मुद्दाम आला होता. त्या दिवशी ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती.

मग यंत्र बसलं. काड्यापेटीएवढं, डाव्या खांद्याखाली, त्यातून तीन तारा हृदयात. कित्येकांना फरक पडत नाही म्हणे. नेव्हला पडला. दोन्ही बाजू एका तालात आकसू लागल्या, महिन्यात सूज उतरली, दुसऱ्या महिन्यात तो बूट चढवून मेंढवाड्यात हजर. अंगात बळ आलं तसं तोंडातही आलं.

त्यानं मॉसला हाक मारली. मॉसनं ग्लेनिसकडे बघितलं. नेव्ह ओरडला, तेव्हा तो जमिनीला चिकटला. लाथ बसली, तेव्हा तिच्या पायांमागे गेला. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी लोकर कातरायला माणसं आली, बार्नीही होता, आणि नेव्हच्या आरडाओरड्यानं सगळा कळप फुटला. मॉस तिच्याकडे बघत उभाच.

"मालक बदलला वाटतं," बार्नी म्हणाला. सगळे हसले, आणि या वेळी नेव्हवर हसले.

बार्नीला आपली चूक लगेच कळली. कुत्रा मी नेतो, म्हणाला. बिघडलेला कुत्रा दुसऱ्याच्या गळ्यात बांधत नाही आपण, असं नेव्हनं त्याला शांतपणे सांगितलं. त्या मुलखात काम न करणाऱ्या कुत्र्याला गोळी घालतात, आणि ती मालकानंच घालायची असते. मालक आणि त्याचं कुत्रं यांच्यामध्ये कुणी पडत नाही. बार्नी टोपी घालून निघून गेला. मला त्याचा आजही राग येतो.

माणसं गेल्यावर नेव्ह बंदूक घेऊन आला. तो डावखुरा. ग्लेनिसला तेवढीच आशा होती.

"त्या खांद्याला दस्ता लावायचा नाही, डॉक्टरांनी सांगितलंय," ती म्हणाली.

"माहितेय मला." त्यानं बंदूक तिच्यापुढे धरली. "कुत्रा कुणाचं ऐकतो?"

ग्लेनिसनं मॉसकडे बघितलं.

"तुझंच ना? मग तुझाच तो. मी केलं तर फावड्यानं करीन, आणि एका घावात होईलच असं नाही. बघ बाई, तुझी मर्जी."

तो फावडं घ्यायला वळला तेव्हा तिनं बंदूक हातात घेतली. शेडमागे जाऊन मॉसला हळूच "बस" म्हटलं. तो बसला, पुढचं काय ते ऐकायला कान टवकारून. तिला दुसरी गोळी झाडावी लागली नाही. नेव्ह दाराला टेकून शेवटपर्यंत बघत होता. रात्री त्यानं तीन चॉप्स खाल्ले.

मे महिन्यात तपासणीला तीच त्याला गाडीतून घेऊन गेली. नर्सनं छातीवर चकती ठेवून यंत्रातली सगळी नोंद पडद्यावर काढली आणि खूश झाली. नेव्ह शर्टाची बटणं लावत बाहेर गेला. ग्लेनिस मागे थांबली. एकोणीस मार्चला दुपारी काही दिसतं का, तिनं विचारलं.

नर्सनं बघितलं. "एकदम शांत ठोके. झोपले होते का?"

"नाही. बघत उभा होता." ग्लेनिसनं पर्स उचलली. "याची बॅटरी किती वर्षं जाते हो?"

बाईला नवऱ्याची केवढी काळजी, असं त्या पोरीला वाटलं असणार. तिनं ग्लेनिसचा हात हातात घेतला.

"आठ वर्षं तरी," ती म्हणाली. "आणि संपत आली की आम्ही नवी बसवून देतो."