समीराच्या कोडमध्ये मी चूक शोधत होते

मंडळी, आज जे केलं ते सांगायला लाज वाटतेय, तरी सांगते.

सबस्क्रिप्शनवर चालणाऱ्या वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी मी वर्षभर एक टेम्पलेट लिहितेय. लॉगिन, पेमेंट, मासिक प्लॅन, सगळं आयतं मिळेल असं. ते सगळ्यांना फुकट द्यायचं होतं, पण "अजून थोडं नीट करू" म्हणत राहूनच गेलं.

आज सकाळी कळलं की लांज्याच्या समीराने तसंच टेम्पलेट ओपन सोर्स केलंय, म्हणजे कोड सगळ्यांना फुकट खुला. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. तिच्या पोस्टखाली नुसता कौतुकाचा पाऊस. मीही "अभिनंदन गो!" लिहिलं, आणि हातातलं काम टाकून तिचा कोड उघडला. चूक शोधायलाच.

दुपारी सापडली! कोणी प्लॅन रद्द केला, की पैसे भरलेला महिना शिल्लक असतानाही त्याचं खातं लगेच बंद होत होतं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. सगळ्यांना दिसेल असं मी ते तिच्या पानावर लिहिलं.

दहा मिनिटांत तिचा फोन. "अगो, वाचवलंस मला! इतक्या लवकर कसं सापडलं तुला?"

"माझ्यातही हीच चूक होती," माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे तूही बनवलंयस? मग टाक की!"

"अजून तयार नाही."

"माझं तरी कुठे होतं?" ती हसली.

संध्याकाळी मी माझं टेम्पलेट तसंच अर्धवट टाकलं. पहिली पसंती समीराचीच आली, आणि खरं सांगते, तीही मला झोंबली.

जवळच्या मैत्रिणीचं चांगलं झालं की तुम्हालाही असं होतं का हो?