प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात सासूबाई

लेक रांगायला लागली तेव्हा माझं पीएचडीचं काम अर्ध्यावर अडकलं होतं. घर वाशीम जिल्ह्यात, किन्हीराजाला आणि प्रयोगशाळा दूरच्या शहरात. नवऱ्याची नोकरी गावाजवळच्याच मालेगावात, त्याला लांबची रजा मिळणार नव्हती. आता जमणार नाही, असं मार्गदर्शकांना कळवायचं मी ठरवलं आणि जेवताना तसं बोलूनही गेले. सासूबाई भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "मी येतो तुह्या संगं. लेकराले मी पाह्यतो, तू तुहं काम पाह्य."

सोयाबीन सोंगणीवर, म्हणजे कापणीवर आलं होतं, तरी घर सासऱ्यांवर सोपवून त्या निघाल्या. सोबत पीठ, तिखट, तुरीची डाळ आणि मागच्या हंगामातलं पोतंभर कुटार. सोयाबीन मळल्यावर उरलेली ही फोलपटं एरवी गुरांना घालतात. मला ती हवा न लागू देता भाजून त्यांचा कोळसा करायचा होता. त्या कोळशात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं पाडता आली, तर तिथे वीज साठवता येते. त्यापासून बटणाएवढे सेल बनवायचे आणि पुन्हा पुन्हा चार्ज करून ते किती टिकतात ते बघायचं, हे माझं संशोधन.

विद्यापीठाजवळ आम्ही खोली घेतली. दुपारी सासूबाई लेकीला घेऊन प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात येऊन बसत. मी हातमोजे काढून, कोपरापर्यंत हात धुऊन बाहेर यायची आणि तिला पाजायची. तिकडून सासऱ्यांचा रोज फोन यायचा, वरणात मीठ केव्हा टाकायचं म्हणून. सासूबाई नीट सांगायच्या, फोन ठेवायच्या आणि मग पदर तोंडाला लावून हसायच्या.

सेल मात्र टिकेनात. सकाळी चांगला चाललेला सेल संध्याकाळपर्यंत निम्मी वीजही धरत नसे. दिवाळीच्या तोंडावर एकदा लेकीला पाजता पाजता मला रडू आलं. म्हटलं, बॅगा भरू आणि घरी जाऊ.

सासूबाईंनी लेकीला खांद्यावर घेतलं. मग म्हणाल्या, "मी चवथीत होती तं बापानं शाळेतून काढलं, लहान्या भावाले सांभाळासाठी. तवा कोणी मले इचारलं नाई. हे लेकरू मी माह्या मनानं सांभाळून राह्यली. माह्यं येणं वाया नको जाऊ देऊ."

हे मला ठाऊक नव्हतं. दिवाळी आम्ही तिथेच केली. पुढे लक्षात आलं की कोळशातली राख पुरती निघत नाही आणि तीच सेल बिघडवते. मग कोळसा आम्लात जास्त वेळ ठेवून धुतला. नंतरचे सेल टिकले. मार्गदर्शक म्हणाले, आता लिहायला घ्या.

तोंडी परीक्षेला सासूबाई लेकीला मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसल्या होत्या. सगळं इंग्रजीत चाललेलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, कंटाळलात का. त्या म्हणाल्या, "नाई. तू बोलत होती अन् लोकं आयकत होते. मले तेच पाह्याचं होतं."

आता मी वाशीम जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात शिकवते आणि नव्या सेलचं कामही करते. मला उशीर होणार असला की सासूबाई नातीला शाळेतून आणतात आणि फोन करून सांगतात, पोरगी जेवली, तू घाई करू नको.