आमच्या मोटारीत वारा कुठून जातो?

दारात जुनी मोटार उभी असली की घरात पेट्रोलचा वास आणि किस्से, दोन्ही साठत जातात. दोन्ही धुऊन जात नाहीत!

हे भुकूमला राहून पुण्याच्या एका साहेबांकडे ड्रायव्हर होते. साहेब विलायतेला परतताना जुनी मोटार यांना देऊन गेले. तिचं सगळं दुखणं पेट्रोलचं. मला तर कोडंच, टाकी मागं, इंजिन पुढं, मग पेट्रोल एवढं चालत जातं कसं?

*

एकदा टाकी रिकामी करायला यांनी रबरी नळी तोंडानं ओढली. घोटभर पेट्रोल तोंडात! थुंकले, चूळ भरली आणि सवयीनं बिडी काढली.

मी झडप घातली. "अहो, पेट घ्याल!"

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. बिडी तरी सुटंल!"

*

मग कार्बोरेटर खोलून पाटावर मांडला. त्यातला जेट, म्हणजे बारीक भोकाचा पितळी तुकडा, दिसेना. आमची कुसुम सहा महिन्यांची, पाटाशेजारीच लोळत होती. मी धावले! तिच्या तोंडात बोट घातलं, उलटी धरली. हे नुसतं "ऊं ऊं" करत हात हलवत होते. मला वाटलं, रडतायत.

शेवटी त्यांनी तळहातावर थुंकून दाखवला. जेट! फुंकून साफ करायला दातात धरला होता.

*

पेट्रोल गाळायला कुसुमचं मऊ दुपटं गेलं. चार वेळा धुतलं तरी वास जाईना. सायकलवाले उस्मानभाई तिला उचलून घेत म्हणाले, "वैनी, ही पोरगी हाय का पंप?"

*

दसऱ्यानंतर मोटारीनं नवीच खोड काढली. दोन मैल पळायची आणि थांबायची. पाव तास बसू दिली की पुन्हा चालू! उस्मानभाईंनी टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप खोलून पाहिला. सासूबाईंनी मीठमिरच्या उतरवल्या. हे वैतागले, "आता थांबली तर भंगारात!"

कुसुमला ताप लगेच चढायचा, डॉक्टर पौडला, एसटीचा भरवसा नाही. मोटार दारात होती म्हणून मला झोप लागायची.

त्याच आठवड्यात ताप चढला. निघालो, तर पिरंगुटच्या पुढं मोटार थांबली! हे स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. कुसुम बाटली ओढत होती, पण रबरी निपल चपटं झालेलं, दूध येईना. मी निपल सैल केलं. सूं करून वारा आत गेला, ती घटाघटा प्यायला लागली.

मी बाटलीकडं बघितलं. मग मोटारीकडं.

"अहो, टाकीत वारा कुठून जातो?"

"झाकणाला भोक हाय की."

ते उतरले, झाकण फिरवलं. सूं! भोकात ओलं कुंकू वाळून दगड झालेलं. मी डोक्यातली पीन काढून दिली. पौडपर्यंत मोटार कुठं म्हणून थांबली नाही.

ताप उतरवून घरी आलो. यांनी विचारलं, "आये, दसऱ्याला झाकणाला कुकू तूच लावलंस?"

"मंग! तिचं तोंड तितंच हाय न्हवं?"

पुढच्या दसऱ्याला सासूबाई ताट घेऊन मोटारीच्या मागं गेल्या. कुंकवाचं बोट झाकणाजवळ नेलं, थांबल्या, आणि मला हाक मारली,

"सूनबाई, आदी तुजी पीन आण!"