तळचा थर

परबकाकांनी एखादं खोकं वरून उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. आधी ते खोकं उलटं करायचे, बुडाची चिकटपट्टी कापायचे आणि सगळ्यात तळातला नग काढून डोळ्यांजवळ धरायचे. बहरीनमधल्या मआमीरच्या गोडाऊनमध्ये पहिल्या दिवशी हा प्रकार पाहून मला वाटलं, खोक्यावरचा बाण या माणसाला दिसत नसावा. मी पुण्याची, त्यातून इंजिनीअर. गप्प कशी बसणार? म्हटलं, "काका, खोकं उलटं आहे." ते शांतपणे म्हणाले, "खोक्याक ठावक नाय, बाय. तू सांगू नको."

आमच्या कंपनीची बहरीनभर दुकानं होती आणि तेव्हा तिनं स्वतःच्या नावाचा माल विकायला नुकतीच सुरुवात केली होती. माऊस, केबली, जुन्या कॉम्प्युटरला वायफाय देणारे बोटाच्या पेराएवढे अडॅप्टर. बनवायचं कुणीतरी दुसऱ्याने, नाव आमचं. पुरवठादाराने पाठवलेले नमुने तपासून मी रिपोर्ट लिहायचे. प्रत्यक्ष माल आला की परबकाका तो तपासून सही करायचे आणि त्या सहीशिवाय एकही खोकं दुकानात जात नसे. माझ्याकडे डिग्री होती, शहरातल्या हूरा भागातल्या ऑफिसात एसी केबिन होती. काका दहावीपर्यंत शिकलेले, मूळचे देवगडकडचे. तरुणपणी त्यांनी आंब्याच्या पेट्या भरल्या होत्या आणि मालाविषयीचं त्यांचं सगळं शिक्षण तिथलं. "वरचो थर दाखवूक असता, तळचो खपवूक," असं ते सांगायचे. आपणही तरुणपणी चार कच्चे आंबे तळाला सारले आहेत, हेही हसत कबूल करायचे.

अडॅप्टर तपासायची त्यांची रीत तर औरच होती. गोडाऊनच्या एका टोकाला राउटर, दुसऱ्या टोकाला पत्र्याच्या रॅकांमागे एक म्हातारा कॉम्प्युटर. त्याला अडॅप्टर खोचायचा आणि इंटरनेटवरून गावच्या दशावताराचं रेकॉर्डिंग लावायचं. राक्षसाचं भाषण न अडखळता संपलं तर नग पास. मध्येच राक्षस तोंड उघडं ठेवून थिजला की नग बाद. माझ्याकडे वेग मोजायचं सॉफ्टवेअर होतं. मी ते त्यांना दाखवलं, तर म्हणाले की आकडे बघायला गिऱ्हाईक अडॅप्टर घेत नाही. मला त्यांचा रागही यायचा आणि हसूही यायचं.

मग शाळा उघडायच्या तोंडावर अडॅप्टरांचा मोठा लॉट आला. नमुने मी आधीच पास केले होते, जाहिराती छापून झाल्या होत्या. काकांनी खोकी उलटी केली. तळच्या दहापैकी सात नगांवर राक्षस थिजला. काकांनी सही नाकारली.

मी तणतणत मआमीरला गेले. मॉडेल तेच, सील तेच, माझा रिपोर्ट स्वच्छ. म्हणजे दशावतारावरून माझं इंजिनीअरिंग नापास होणार होतं की काय? माझ्या पाठोपाठ मॅनेजर जॉर्जसाहेब आले. काकांचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपत होता. साठी उलटलेली, त्यामुळे साहेबांच्या शिफारशीशिवाय तो वाढणार नव्हता. मुलीच्या नर्सिंगची दोन वर्षं राहिली होती आणि ही दोन वर्षं काकांना काहीही करून बहरीनमध्ये काढायची होती. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"परब, साइन करो, यल्ला," साहेब घाई करत म्हणाले. "तुम्हारा वीज़ा का पेपर मेरे टेबल पे है."

काकांनी पेन खिशाला लावलं. "टेबल आपका है, साब. सही मेरा है."

मला मात्र काकांना एकदाचं चुकीचं ठरवायचं होतं. मी वरच्या थरातला एक आणि तळातला एक असे दोन अडॅप्टर घेतले आणि त्यांच्याच स्क्रूड्रायव्हरने फोडले. वरच्यात चिप आणि नीट अँटेना. तळच्यात चिप वेगळी, हलकी, आणि अँटेनाच्या जागी नुसती नखाएवढी रेघ. आणखी पाच-पाच फोडले. तेच. पुरवठादाराने मला हातात आणून दिलेले नमुने म्हणजे निवडून रचलेला वरचा थर होता आणि मी तो डोळे झाकून पास केला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी दोन्ही तुकडे साहेबांपुढे धरले आणि म्हटलं की परब बरोबर आहेत, माझा रिपोर्ट चूक आहे.

साहेबांनी ते तुकडे उलटसुलट करून पाहिले. "खलास. पूरा माल वापस भेजो."

तीन आठवड्यांनी नवा लॉट आला. काकांनी खोकी उलटी केली. राक्षसाचं भाषण सलग सुरू झालं तसे मल्याळी, नेपाळी, बंगाली कामगार हातातलं काम टाकून गोळा झाले आणि एक शब्द कळत नसताना, राक्षस बोलून संपल्यावर टाळ्या पिटू लागले. तळच्या दहाच्या दहा नगांवर टाळ्या पडल्या. मीही पिटल्या, हात लाल होईस्तोवर. तेवढ्यात जॉर्जसाहेब ऑफिसातून आले ते व्हिसाचा सही केलेला कागद घेऊनच. "दो साल, परब. उसके बाद भी, इंशाल्ला." काकांनी कागदाची घडी केली, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि पाठ फिरवून उगाचच चष्मा पुसत राहिले.

मी नवा रिपोर्ट पुढे केला. काकांनी संथपणे, पूर्ण नाव लिहून मराठीत सही केली. शेजारची तपासणाऱ्या इंजिनीअरची जागा मी मुद्दाम कोरी सोडली होती. कागद उचलायला गेले, तर त्यांनी त्यावर तळहात ठेवला आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"चुकीच्या रिपोर्टार सही केलंस, बाय. मगे बरोबर रिपोर्टार करूक कित्याक लाजतंस?"