टीव्हीवर आलेली पाठ

सांगलीतल्या एका महिला समुपदेशन केंद्रात मी काम करते. घरी मार खाणाऱ्या बायका तिथं येतात. पुढं पोलिसांत जायची वेळ आली तर लागतात म्हणून त्यांच्या अंगावरच्या वळांचे फोटो काढून ठेवावे लागतात. केंद्राला स्वतःचा मोबाईल नाही. मी माझ्याच मोबाईलवर काढायचे. असं कुणी ठरवलं नव्हतं, होत गेलं.

त्या रविवारी माधवनगरच्या आमच्या घरी आटपाडीहून सासूबाईंची मावसबहीण आली होती. जेवणं उरकली होती. माझे मिस्टर फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी नवा टीव्ही घेतला होता आणि घरातल्या सगळ्यांचे मोबाईल, त्यांतल्या फोटोंसकट, एकाच खात्याला जोडले होते. मावशींना पोरांच्या सहलीचे फोटो दाखवायला त्यांनी टीव्ही लावला. मुलगी पन्हाळ्याच्या बुरुजावर, मुलगा कणीस खाताना. मग एकदम एक उघडी पाठ, काळेनिळे वळ. त्यानंतर त्याच बाईचा चेहरा, ओठ फुटलेला.

"बंद करा, बंद करा!" हातातली ताटं तशीच खाली ठेवून मी धावले. रिमोट हिसकावला तर नुसता आवाज वाढला. शेवटी प्लगच ओढला.

मावशी हळूच म्हणाल्या, "ही आमच्याच गल्लीतली हाय की गं."

ती बाई माहेरी जाते सांगून केंद्रात आली होती आणि परत नवऱ्याकडं गेली होती. तिची मुलगी दहावीला होती म्हणून. नवरा तिचा मोबाईल रोज तपासायचा, त्यामुळं आम्ही तिला फोन करायचा नाही असं ठरलं होतं.

मिस्टर भडकले. "युनिटमधी आमचा फोन गेटवर जमा करून घ्यायचे. आन तू हे समदं घरात घेऊन फिरतीस?" माझा मोबाईल उचलून ते फोटो पुसायला निघाले. मी त्यांचा हात धरला. "तो तिचा पुरावा आहे. इथून गेला तर कुठंच राहणार नाही." त्यांनी मोबाईल सोडला.

मी मावशींजवळ जाऊन बसले. "कुणाजवळ बोलू नका. तिच्या जिवावर बेतेल."

"आगं, तिला मारतोय ते समद्या गल्लीला ठावं हाय. भिंतीपल्याडनं ऐकू येतंय." मग थांबून म्हणाल्या, "ती हितवर आली, ते तेवढं ठावं न्हवतं."

नेमकं तेच कुणाला कळायला नको होतं. मावशी एसटीत बसल्या आणि माझा जीव त्या गाडीबरोबर गेला. केंद्रातल्या वरिष्ठ बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या. ती पुन्हा यायची होती, तोवर वाट बघण्यापलीकडं हातात काही नव्हतं. न राहवून मी मावशींना फोन केला आणि नुसतं विचारलं, "बऱ्या आहात ना?" त्यांना कळलं. म्हणाल्या, "गल्लीत समदं बरं हाय."

ती आली तेव्हा मी काहीच लपवलं नाही.

"म्हणून त्या मावशी परवा साखर मागायला आल्या व्हय! हे भाईर जाईस्तवर उठल्याच न्हाईत." मग तिनं खाली बघत विचारलं, "तुमच्या मालकांनी बी बघितली माझी पाठ?"

"हो."

तिनं पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

"फोटो हायत न्हवं अजून?"

"आहेत."

"ऱ्हाऊ द्यात. माझ्याकडं ठेवायला जागा न्हाई."

आम्ही फोटो छापून केंद्राच्या कपाटात कुलपात ठेवले, मगच मोबाईलमधून आणि त्या खात्यातून काढले. मुलीची परीक्षा झाल्यावर तिनं तक्रार दिली आणि मुलीला घेऊन साताऱ्याला भावाकडं गेली.

केंद्राला मोबाईल अजून मिळालेला नाही. घरातला एक जुना हँडसेट पुसून, सिम काढून मी तिथं ठेवलाय. मागच्या महिन्यात एक बाई आली. दंड दाखवायला तिनं बाही वर केली, तर तो हँडसेट चार्जच नव्हता. माझा मोबाईल पर्समध्ये होता. ती बाही धरून बसली होती आणि मी टेबलाचे खण उघडून चार्जर शोधत होते.