खडूच्या तीन रेघा

सर्व्हेचं काम करून माझे पाय कामातून गेले, आणि डोकं त्याच्याही आधी. घरोघर जायचं, टॅब उघडायचा आणि विचारायचं, मागच्या काही वर्षांत या घरात कोणी वारलं का. लोक आधी चहाचं विचारतात, मग हा प्रश्न ऐकून त्यांचं तोंड उतरतं. तरी सांगतात बिचारे. त्या उत्तरांवरून वरचे लोक मृत्यूचं प्रमाण काढतात.

माझं भांडण कुलपांशी आहे. घर बंद दिसलं की दारावर खडूनं एक रेघ मारायची. पुन्हा बंद तर दुसरी, पुन्हा बंद तर तिसरी. मग टॅबमध्ये 'दरवाजा बंद' निवडायचं आणि पुढं निघायचं.

मरोद्यात, स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या एका गल्लीत असं एक क्वार्टर होतं. दोन रेघा झाल्या होत्या. शेजारची काकू, आमच्याच नागपूरकडची, कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "कावून चकरा मारून राहिली व? ते भाऊ गेले न होळीच्या मागंपुढं. प्लांटात होते. बाई पोरीले घेऊन भावाकडं गेली गोंदियाले. सामान घ्याले येईन एखाद दिवशी. मी सांगून राहिली न, लिहून घे."

"घरातल्याच माणसानं सांगा लागते, काकू. शेजाऱ्याचं चालत नाही."

"मंग काय ते भाऊ येऊन सांगन तुले?"

सिविक सेंटरजवळच्या आमच्या ऑफिसात सरांना विचारलं, बंद घरांचं पुढं काय करता. ते म्हणाले, "आजू-बाजू के घरों से भर जाता है, मैडम." म्हणजे उघड्या घरांत जे सापडलं तेच बंद घरातही असेल, असं धरायचं. मी म्हटलं, सर, इथं घर नोकरीसोबत मिळतं. माणूस गेला की बायको-लेकरं कुलूप लावून गावाकडं जातात. ज्या घरात मयत झाली तेच घर बंद असतं, आणि तुम्ही ते हसत्याखेळत्या घरांवरून भरता. त्यांनी चष्मा पुसला. "रिपोर्ट में एक लाइन डाल देंगे." चिडायलाही ताकद लागते, ती त्या दिवशी नव्हती. मी खुर्ची सरकवून उठले.

राग तसा जुनाच. माझे बाबाही नोकरीत असतानाच गेले. आम्ही क्वार्टरला कुलूप लावून मामाकडे गेलो. दोन-अडीच महिन्यांनी सामान न्यायला आलो तर दारावर खडूच्या तीन रेघा. आई म्हणाली, पूस ते. मी ओल्या फडक्यानं पुसल्या. त्यांचा अर्थ कळला तो थेट या नोकरीच्या ट्रेनिंगमध्ये. माझ्या बापाच्या मरणाच्या जागी शेजारच्यांची खुशाली भरली गेली होती.

म्हणून मी काकूकडं नंबर ठेवला. तिसरी रेघ मारली, आमचा भाग संपला आणि टॅबमधून ती गल्ली निघून गेली. आठवड्यानं फोन आला, "आली व ते, ये लवकर." सुट्टीचा दिवस होता. अंग मोडून आलेलं, तरी ऑटो करून गेले.

बाई जमिनीवर बसून भांडी पोत्यात भरत होती. मी कोण, कशाला आले, ते सांगितलं. टॅब काही घेणार नव्हता, म्हणून पिशवीतला ट्रेनिंगमधला सरावाचा कागदी फॉर्म काढला आणि पहिल्यापासून विचारत गेले. नाव, किती दिवस आजारी, कुठं गेले. ती न रडता एकेक सांगत गेली. वयापाशी अडली. उठून आतून त्यांचं प्लांटचं कार्ड घेऊन आली, म्हणाली, "बरोबर लिहा."

सगळं लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "ताई, हे वर जाईन न? कामावरच्या यादीतून तर नाव निघालं त्यायचं. कुठंतरी लागाले पाहिजे."

"जाईन," मी म्हटलं.

तिनं सावकाश सही केली. फॉर्मच्या कोपऱ्यात 'प्रशिक्षण हेतु' असा शिक्का होता. सही होईपर्यंत मी त्यावर अंगठा दाबून धरला होता.